तोफामायच्या तोंडात हात

भिवाजीच्या घरात भिंतीवर तीन चौकटी होत्या. मधे बुद्ध, उजवीकडे बाबासाहेब आणि डावीकडे, किंचित खालच्या अंगाला, त्याचा स्वतःचा सुरुंगाचा परवाना. पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या यायचा आणि मग भिवाजी त्याला त्या तिसऱ्या चौकटीपाशी न्यायचा. "वाचा," म्हणायचा. पाहुण्याला वाचता येत नसेल तर स्वतः वाचून दाखवायचा. येत असेल तरी वाचून दाखवायचा. विहिरीच्या कामाकरिता स्फोटक द्रव्य बाळगण्याचा आणि वापरण्याचा परवाना, खाली गोल शिक्का, शिक्क्यावर सिंह. "तीन दिसतेत, चवथा मांगं हाय," हेही तो सांगायचा, जणू त्या चौथ्याची आणि त्याची खासगी ओळख होती.

माणूस उंचापुरा, मिशी राखलेला आणि एकदा बोलायला लागला की न आवरणारा. नम्रता हा गुण त्याच्या वाट्याला आला नव्हता आणि त्याचं त्याला दुःखही नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात पाणी आटलं तशी लोकांनी विहिरी खोल न्यायला घेतल्या, आणि खडक लागला की बोलावणं भिवाजीला. शेलूबाजारपासून कामरगावपर्यंत त्यानं किती खडक फोडले याचा हिशेब तो दर खेपेला वेगळा सांगायचा. ज्या विहिरीवर त्याच्या बापाच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जायचं, त्याच विहिरीच्या तळाशी उतरून भिवाजी बार भरायचा. पाणी लागलं की मालक नारळ फोडायचा, भिवाजीची पाठ थोपटायची सोडून बाकी सगळं कौतुक करायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच विहिरीचं पाणी भिवाजीच्या ओंजळीत पुन्हा वरून ओतलं जायचं. यात कोणाला काही चुकल्यासारखं वाटत नसे.

गाव माळेगढी. शेलूबाजारहून गाडीवाटेनं आत. वाशीम जिल्हा तेव्हा कागदावरही नव्हता. सगळा कारभार अकोल्याहून चालायचा आणि माळेगढीपर्यंत पोचेस्तोवर त्यातला बराचसा वाटेतच सांडायचा. गावाच्या वरच्या अंगाला पांढऱ्या मातीची गढी होती. गढी रामराव पाटलांची, सरपंचकीही त्यांचीच. गढीच्या दरवाजापाशी दगडी चौथऱ्यावर एक जुनी तोफ होती. ती कोणी आणली, कोणावर उडवली, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ती देवी झाली होती. तिचं नाव तोफामाय.

पाटलांची म्हातारी चुलती सोजरबाई दर मंगळवारी तिला तेल-शेंदूर लावायची. तोफामाय नवसाला पावायची, पण तिची खरी ख्याती दातदुखीवर. दात दुखायला लागला की लोखंडी खिळा गालावरून ओवाळायचा आणि तिच्या तोंडात टाकायचा. दुखणं खिळ्यात उतरतं आणि माय ते गिळते, असा तो मामला. लेकरू उशिरा बोलायला लागलं तर त्याच्या पायातला वाळा टाकायचा. कोर्टाचा निकाल बाजूनं लागला तर नाणं. कारंजाचे अडते सुद्धा दाढ धरून गाडी जुंपून येत. वर्षानुवर्षं तालुक्याचे दात त्या तोंडात जमा होत होते आणि वरून तेल-शेंदराचं लिंपण पडत होतं. खालच्या बौद्धपुऱ्यातल्या लोकांचे दातही दुखत, पण त्यांचे खिळे माय गिळेल की नाही हे कधी तपासलं गेलं नाही. छप्पन साली त्यांनी देवच सोडले, तेव्हा गावानं सुटकेचा निःश्वास टाकला की तो प्रश्न आपोआप मिटला.

भिवाजीचा बाप गावकीचं काम करायचा. सांगावा घेऊन गढीवर जायचं झालं तर चौथऱ्याच्या बऱ्याच खाली, निंबाच्या झाडापाशी उभं राहून हाक मारायची. तोफेच्या पुढं पाऊल टाकायचं नाही. भिवाजीची माय भागिरथा हे सांगायची तेव्हा तिच्या आवाजात राग नसायचा. राग सगळा भिवाजीच्या वाट्याला आला होता आणि त्यानं तो मिशीत आणि बढाईत मुरवला होता.

चौऱ्याहत्तर साल उजाडलं. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं होत होती. गावोगावी सिंहासनं उभी राहू लागली. शेलूबाजारला म्हणे पुठ्ठ्याचं छत्र आणि खरा घोडा येणार होता. रामराव पाटलांना झोप येईना. "त्यायच्यापाशी घोडा हाय, पन आपल्यापाशी तोफ हाय," ते म्हणाले. शाळेतल्या शालिग्राम गुरुजींनी लगेच एक इतिहास लिहून काढला. पेंढाऱ्यांची टोळी गढीवर चालून येते, गावकरी झुंजतात, आणि शेवटी तोफेला बत्ती दिली जाते; पेंढारी पळतात. असं कधी झालं होतं की नाही हा प्रश्न गुरुजींना कोणी विचारला नाही, आणि त्यांनी स्वतःलाही विचारला नाही. अडचण एकच आली. गढी राखायला सगळं गाव तयार. पेंढारी व्हायला कोणी तयार होईना. पेंढाऱ्यांच्या पंक्तीला बुंदी वाढली जाईल असं जाहीर केल्यावर मात्र एवढे पेंढारी झाले की गढी राखायला माणसं कमी पडली.

पोलीस ठाण्यात अर्ज गेला. परवानगी मिळाली ती दोन अटींवर. तोफेत गोळा घालायचा नाही, आणि बत्ती परवानाधारक माणसाच्याच हातून द्यायची. गावात परवाना एकाच भिंतीवर होता.

रामरावांनी भिवाजीला बोलावलं. निंबाखाली नाही, थेट चौथऱ्यापाशी. "भिवा, बत्ती तूच द्याची. फेटा बांधून."

परवाना विहिरीपुरता आहे, तमाशापुरता नाही, हे भिवाजीला तोंडपाठ होतं. रोज वाचून दाखवत होता ना! पण फेटा हा शब्द कानावर पडला आणि पुढचं सगळं अंधुक झालं. जिथे बापाला पाऊल टाकता आलं नाही तिथे फेटा बांधून, सगळ्या गावासमोर, हातात बत्ती घेऊन उभं राहायचं. त्यासाठी तो एक-दोन कायदे विसरायला तयार होता. पण खडकाशी आयुष्य घालवलेल्या माणसाला एक गोष्ट विसरता येईना. तोफेच्या तोंडापाशी वाकून पाहिलं तेव्हा आत शेंदराच्या भिंतीतून खिळ्यांची टोकं डोकावत होती.

"पाटील, हे आतून साफ करावं लागते," तो म्हणाला. "हात घालून. गोळा नसला तरी हे खिळे हायत ना. बार झाला का हेच सुटतीन. समोर जो उभा असन तो चाळणी होईन."

मग सोजरबाई म्हणाली, "मायच्या तोंडात हात? तुया?"

"माया नाई तर दुसऱ्या कोनाचा घाला."

दुसरं कोणी पुढं येईना. मायच्या तोंडात हात घातला तर तिनं गिळलेली दुखणी आपल्याला लागतील, ही भीती सर्वांना होती. भिवाजीला लागली असती तर कोणाची हरकत नव्हती. हरकत मायला विटाळ लागेल त्याची होती. रामरावांनी तोडगा काढला. "असं कर भिवा, तू मांगून बत्ती दे. बुडाले हात लागला तर चालते. तोंडाकडं जाऊ नको."

तेवढ्यात ठाण्यावरचे जमादार तपासणीला आले. त्यांनी बूट काढले, चौथऱ्यावर चढले, मनोभावे हात जोडले. गेल्या आठवड्यापासून त्यांची अक्कलदाढ ठणकत होती. खिळा काही सोबत नव्हता, म्हणून खिशातलं नाणं गालावरून ओवाळून त्यांनी तोंडात टाकलं. मग खाली उतरून कागदावर लिहिलं की तोफेत गोळा नाही, तपासणी केली, सबब हरकत नाही.

भिवाजी नाही म्हणू शकला असता. मी त्याची बाजू घेत नाही. त्यानं नाहीच म्हणायला हवं होतं. पण फेटा सोडवेना आणि माणसंही मारवेनात, तेव्हा त्यानं तिसरीच वाट काढली. तोफ उडताना मागं सरकते, तिला आवरायला मागे खड्डा लागतो, असं त्यानं सांगितलं. गावानं मान डोलावली. गढीच्या पडक्या भिंतीआड त्यानं एकट्यानं खड्डा खणला, त्यात विहिरीच्या बाराची बारूद भरली, वरून माती ठासली आणि वात मातीखालून तोफेच्या बुडापर्यंत आणली. तोफेचा कान, म्हणजे बत्ती द्यायचं वरचं भोक, त्यानं ओल्या चिखलानं बुजवलं आणि वर दिसण्यापुरती चिमूटभर बारूद ठेवली. तोंडातून ठासायची बारुदीची थैली त्यानं शिवून आणली. ती तोंडात सारायचा मान अर्थातच शालिग्राम गुरुजींचा. गुरुजींनी मुंडासं बांधून, श्लोक म्हणत, लांब काठीनं ती थैली आत सारली. थैलीत भागिरथेच्या चुलीतली राख होती.

कार्यक्रम झाला तो असा. पेंढारी बुंदीच्या आशेनं फार लवकर चालून आले आणि गढीवाल्यांची तलवारी शोधताना धांदल उडाली. रामरावांचा पुतण्या जगदेव किल्लेदार झाला होता. त्याची मिशी पहिल्याच झुंजीत गळून पडली. मग भिवाजी पुढं झाला. डोक्यावर भगव्या काठाचा फेटा, हातात पेटती बत्ती. सगळं गाव श्वास धरून उभं. त्यानं कानावरच्या बारुदीला बत्ती लावली, भपकन जाळ झाला, आणि त्याच हातासरशी, वाकल्यासारखं करून, मातीतल्या वातीलाही. आवाज असा झाला की गढीची माती झरझर खाली आली, शेलूबाजारहून पाहायला आलेला तो घोडा दावं तोडून पळाला आणि पेंढारी खरोखरच पळाले. सोजरबाईनं चौथऱ्यावर डोकं टेकलं. "मायनं डरकाळी फोडली वो!" जमादारांची दाढ त्या दणक्यात ठणकायची राहिली म्हणे. मंगरूळहून आणलेल्या फोटोवाल्यानं नेमक्या त्या क्षणी फोटो घेतला होता.

तो फोटो चौथी चौकट होऊन भिवाजीच्या भिंतीवर लागला. फेटा, मिशी, बत्ती, तोफ, सगळं झकास आलं होतं. नीट पाहणाऱ्याला हेही दिसलं असतं की तोफेच्या तोंडातून काहीच निघत नाही आणि धुराचा लोट पाठीमागच्या भिंतीआडून वर चढतो आहे. पण नीट कोण पाहतं! लोक फेटा पाहत होते.

एकटी भागिरथा त्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "भिवा, आवाज मले पायाखालून आला."

"तोफेचा आवाज जमिनीतून फिरते, माय."

"असन," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

पुढचं वर्ष भिवाजीनं त्या एका आवाजावर काढलं. कामरगावच्या हाटेलात, शेलूबाजारच्या पानठेल्यावर, विहिरीच्या काठावर, जिथे चार माणसं भेटतील तिथे तो तोफ पुन्हा उडवायचा. प्रत्येक खेपेला बारूद वाढायची आणि घोडा आणखी दूर पळायचा. खरं सांगायचं तर शेवटी शेवटी त्याचं त्यालाही वाटायला लागलं होतं की तोफ उडाली होती. माणसाला पोटभर सुख क्वचित मिळतं. त्याला ते मिळालं होतं आणि त्यात कोणाचा जीव गेला नव्हता, तर आपण कशाला नाक मुरडा.

पण पंच्याहत्तरच्या चैत्रात गढीची जत्रा आली आणि रामराव पाटलांनी पुन्हा लढाई ठरवली. या खेपेला भिवाजीला बोलावणं आलं नाही. त्यानं आपण होऊन विचारलं तर जगदेव म्हणाला, "कायले? गेल्या साली पाह्यलं ना आमी. बारूद ठासाची, बत्ती द्याची. त्यात काय शिकाचं हाय? या साली मीच देतो."

"गढीची तोफ हाय, गढीच्या मानसानं उडवली तर बरं दिसते," रामराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुया मान झाला गेल्या साली."

जगदेवनं आतषबाजीवाल्याकडून कुठून तरी काळी बारूद आणली होती. परवाना कोणाचा, हा प्रश्न आता कोणाला पडत नव्हता. गेल्या सालापेक्षा दुप्पट माणसं येणार, म्हणून या साली बारूदही दुप्पट. शिवाय गावानं एक मोठं पुढारलेलं पाऊल उचललं होतं. तालुक्याहून साहेब येणार होते, तेव्हा बौद्धपुऱ्यातल्या बाया-लेकरांना पहिल्यांदाच अगदी पुढची जागा द्यायची ठरलं. सावलीची जागा पाहुण्यांनी भरली होती. उरली होती ती चौथऱ्यासमोरची उघडी, बरोबर तोफेच्या तोंडापुढची. बौद्धपुऱ्यात केवढा आनंद झाला. भागिरथेनं ठेवणीतलं पांढरं लुगडं काढलं.

वर्षभर ज्या खोट्यावर भिवाजी मिशीला पीळ देत होता, त्या खोट्यानंच गावाला पटवून दिलं होतं की तोफ बिनधोक आहे. एक राखेची थैली आता त्याच्या मायसमोर खिळ्यांनी भरून उभी राहिली होती.

मान गेला खड्ड्यात, असं म्हणत तो गढीवर गेला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "पाटील, गेल्या साली तोफ उडालीच नाई. बार म्या मांगच्या खड्ड्यात केला होता. विहिरीची बारूद वापरून. थैलीत राख होती."

सगळ्यांना हसू फुटलं. त्यांचंही बरोबर होतं. खरं मानलं असतं तर प्रत्येकाचं काही ना काही जाणार होतं. रामरावांना तालुक्यात हार पडले होते. शालिग्राम गुरुजी म्हणाले, "म्हणजे मी श्लोक म्हणून राख ठासली की काय?" आणि या प्रश्नाचं उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत. सोजरबाईच्या मायनं डरकाळी फोडली होती. ती खड्ड्यातून आली म्हणता? भिवाजी घरी जाऊन फोटो घेऊन आला आणि धूर कुठून निघतो ते बोटानं दाखवलं. जगदेव म्हणाला, "वाऱ्यानं गेला मांगं. तू जळून राह्यला, भिवा."

तो ठाण्यावर गेला. जमादार त्याला बसा म्हणाले, एवढी सुधारणा दाढेत झाली होती. "अरे, तोफेत गोळा नाही. मी स्वतः तपासली. लिहून दिलं आहे." जे लिहून दिलं ते खोटं कसं असेल, हे काही त्यांना समजेना.

जत्रेचा दिवस आला. जगदेवनं सकाळीच बारूद ठासून ठेवली होती. साहेब सावलीत बसले, जमादार त्यांच्या मागे. चौथऱ्यासमोर उन्हात बौद्धपुरा बसला होता, लेकरं मांडीवर, पहिल्या रांगेत भागिरथा, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर कौतुक. बापाला ज्या निंबाखाली थांबावं लागायचं तिथे भिवाजी उभा होता. एवढ्या आवाजात बोलणारा माणूस, पण त्याचं बोलणं आता संपलं होतं. जगदेवनं पलीकडे बत्ती पेटवायला काडी ओढली.

भिवाजी चालत चौथऱ्याशी गेला, सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सारली आणि तोफामायच्या तोंडात हात घातला. कोपरापर्यंत, मग दंडापर्यंत. नखानं शेंदराचा थर उकरला, मूठ आवळली आणि बाहेर ओढली. मुठीत खिळेच खिळे, तेलानं गुळासारखे एकमेकांना चिकटलेले, त्यात नाणी, त्यात कोणाच्या लेकराचा वाळा.

"पाहा!" तो ओरडला. "हे पाहा दातदुखीचे खिळे! हे आता समोरच्या लेकराईच्या आंगात घुसले असते!"

त्याला वाटलं होतं, आता तरी दिसेल. त्यानं मूठ उंच धरली. सगळं गाव पाहत होतं, पण खिळ्यांकडे कोणीच पाहत नव्हतं. सगळे त्याच्या हाताकडे पाहत होते.

"बाटली वो!" सोजरबाईनं हंबरडा फोडला. "माय बाटली!"

"गप बस काकी, जमादार बसले हायत," रामराव दबक्या आवाजात म्हणाले. स्फोटकांचा कायदा गावाला ठाऊक नसेल, पण शिवाशिवीचा बरोबर ठाऊक होता; तो कुठे मोडायचा आणि कोणासमोर नाही, हेही ठाऊक होतं.

जगदेवच्या हातात बत्ती पेटली होती आणि त्याला ती विझवणं जिवावर आलं होतं. "एकच हात लागला ना काका," तो म्हणाला. "तोंड पुसून घेतो आन् देतो बत्ती."

हे भिवाजीनं ऐकलं. क्षणभर त्याला काही कळेना, आणि मग सगळं कळलं. खिळे पाहून तोफ थांबणार नव्हती. कायद्यानं नाही, परवान्यानं नाही, खऱ्यानं तर नाहीच. ती थांबली होती ती फक्त एका गोष्टीनं. त्याच्या छातीत असं काही कळवळलं की खिळा बसता तर तेवढं दुखलं नसतं. त्यानं मूठभर खिळे खिशात टाकले, दुसरी बाही वर सारली आणि दुसराही हात घातला. दोन्ही हात, दंडापर्यंत, आणि वरून गालही त्या तोंडाला टेकवला, म्हणजे कोणाला शंका राहू नये.

जगदेवनं बत्ती खाली टाकली आणि पायानं विझवली.

शालिग्राम गुरुजींनी कर्णा हातात घेतला. "काही अपरिहार्य कारणास्तव," ते शुद्ध भाषेत म्हणाले, "तोफेचा कार्यक्रम रद्द करण्यात येत आहे." साहेबांना चहा दिला. भिवाजीवर धावून जायला पाच-सहा जण उठले होते, पण त्याला धरायचं म्हणजे हात लावावा लागणार, आणि लगेच जत्रेचं जेवण होतं. ते पुन्हा खाली बसले.

साहेबांची गाडी गेली आणि शुद्धी सुरू झाली. गोमूत्र आलं, विहिरीवरून घागरीवर घागर आली. तोफामायच्या तोंडात इतकं पाणी ओतलं की चौथऱ्यावरून काळा ओघळ वाहायला लागला. तो काळा रंग जगदेवच्या बारुदीचा होता. न उडालेला बार असाच पाणी पाजून निकामी करतात, हा सुरुंगवाल्यांचा पहिला नियम. गाव तो नियम न सांगता, न चुकता, मन लावून पाळत होतं. निंबाखालून भिवाजीला राहवलं नाही. "कानातही ओता," तो ओरडला. "कानात लय बारूद बसते!" सोजरबाईनं उभ्या जन्मात त्याचं काही ऐकलं नव्हतं, एवढं मात्र ऐकलं आणि कानात दोन घागरी ओतल्या.

घरी आल्यावर भागिरथेनं अंगणात पाणी काढलं. दोन्ही हात खांद्यापर्यंत तेलानं आणि शेंदरानं माखले होते. भिवाजी साबणाची वडी घेऊन बसला, पण ते चिकट काही सुटेना. बसल्या जागी त्याचे डोळे वाहायला लागले आणि पुसायला हात नव्हते.

"साबनानं नाई निंगत ते," भागिरथा म्हणाली आणि चुलीतली राख घेऊन आली. पदरानं आधी त्याचे डोळे पुसले, मग स्वतःच्या हातानं त्याचे हात घासायला लागली. "गेल्या साली चुलीतली राख गायब झाली होती ना, तवाच मले समजलं होतं."

"मंग बोलली काहून नाई?"

"फेटा चांगला दिसत होता तुले," ती म्हणाली.

पुढचं लवकर आटपतं. तोफ कधीच उडाली नव्हती, ही गोष्ट आता गावाला एकदम पटली. जमादारांना तर इतकी पटली की त्यांनी भिवाजीचा कबुलीजबाब सविस्तर लिहून घेतला. विहिरीकरिता दिलेली बारूद करमणुकीसाठी वापरली, सबब परवाना रद्द. जगदेवच्या बारुदीबद्दल काही लिहिता आलं नाही, कारण तिचा पुरावा गोमूत्रात वाहून गेला होता. या सगळ्या प्रकरणात स्फोटकांच्या कायद्यानं शिक्षा झाली ती एकट्या भिवाजीला, आणि कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यात चूक काढता येत नाही.

भिवाजी मग रोजगार हमीच्या कामावर दगड फोडायला जाऊ लागला. सुरुंग दुसराच कोणी लावायचा. हा दूर उभा राहून त्यात चुका काढायचा. बढाई कमी झाली असं नाही, फक्त तिच्यातली तोफ गेली. माळेगढीत तोफेच्या तोंडाला रामरावांनी लोखंडी जाळी बसवली, तोंड पुन्हा बाटू नये म्हणून. ती पुढे कधीच उडवली गेली नाही. दात दुखला की लोक अजून जातात. खिळा जाळीतून आत जातो.

भिंतीवर परवान्याच्या जागी पांढरा चौकोन राहिला होता. तो उघडा बरा दिसेना, म्हणून भागिरथेनं फोटो तिथे सरकवला. जुना खिळा परवान्याच्या चौकटीसोबतच उपटून आला होता, टांगायला नवा हवा होता. भिवाजीच्या सदऱ्याच्या खिशात बरेच निघाले. त्यातला एक सरळ निवडून तिनं दगडानं ठोकला.

पाहुणा आला की पाण्याचा तांब्या अजून आधी येतो. मग भिवाजी त्याला फोटोपाशी नेतो. पाहुणा फेटा पाहतो, बत्ती पाहतो आणि कौतुकानं विचारतो, "ही तोफ तुमीच उडवली का?"

"नाई," भिवाजी म्हणतो. "म्या ते उडू देली नाई."